मोजणी

उद्यमबागेतल्या फौंड्रीनं मला मशीन बघायला धाडलं
शांडोंगला. मशीन दोन दिवसांत बघून झालं.
तिसरा दिवस मोकळा.
दुभाषी पोरगी म्हणाली, डोंगर आहे, ताईशान,
देवाचा. चढणार?
मी सेफ्टी शूज घालूनच निघालो.

निघताना बाळाप्पा मुचंडींनी एवढंच मागितलं होतं:
"तिकडं कुठं पायऱ्या चढलास तर मोजूनशान ये."
चौऱ्याण्णव साली लॅडल कलंडलं, तेव्हापासून
त्यांचा डावा पाय आणि पायरी यांचं बोलणं नाही.
साचा भरायला मला त्यांनीच शिकवलं.
वाळू मुठीत दाब. मोड. कड बघ.
कड ढासळली तर ओतू नको.

म्हणून मोजत गेलो.
रात्री अकराला, हातात बॅटरी,
अंगावर भाड्याचा हिरवा लष्करी कोट,
पुढं कॉलेजातली पोरं, मागं एक म्हातारी,
पाठीला उदबत्त्यांचं गाठोडं, माझ्याहून चपळ.
सातशे. हजार.
झाडांच्या बेचक्यांत खडे ठेवलेले,
लेकरू व्हावं म्हणून.
आमच्या आतेनं येळ्ळूरच्या गडावर
घर व्हावं म्हणून रचलेले तीन दगड आठवले.
घर झालं. आते त्यात दोनच वर्षं राहिली.

एका घंटेसमोर लोक हात जोडत होते.
मला दिसली साच्याच्या जोडाची रेघ,
कुणी नीट घासलीच नव्हती,
आणि कानाजवळ ब्लोहोल, करंगळी जाईल एवढं.
हसू आलं. मग मीही हात जोडले,
देवाला की ओतणाऱ्याला, सांगता येत नाही.

तीन हजार एकशे बारा.
तिथं खालून हमाल आला, खांद्यावर बांबू,
एका टोकाला पाण्याच्या बाटल्या,
दुसऱ्याला पंपाची केसिंग,
आमच्या शेडमधून निघते तशीच, बिनरंगाची.
तो पुटपुटत होता: यी, आर्. यी, आर्.
एक, दोन. परत एक, दोन.
तिसऱ्यापर्यंत जातच नव्हता.
मी अंग चोरून वाट दिली, त्याचे घोटे बघितले,
आणि आकडा गेला.

वर? वर ढग होते.
कोटातली हजारभर माणसं एकदम "आ" म्हणाली,
ढगाच्या आत जरासं केशरी झालं, तेवढंच.

परत आलो तर बाळाप्पा गेटावरच.
"किती?"
कुणी सहा हजार सहाशे सांगतं, कुणी सात हजार.
खोटा आकडा जिभेवर तयार होता, घासून गुळगुळीत.
खरं ते माझ्याकडं मुठीतल्या वाळूकडं बघावं तसं बघत होते.
"तीन हजार एकशे बारा. पुढं चुकलो."
का चुकलो, तेही सांगितलं.
"केसिंग किती किलोची असंल?"
"वीस-बावीस. बाटल्या येगळ्या."
"एकटाच?"
"एकटाच."
त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रविवारी गाडीवर मागं बसवून त्यांना येळ्ळूरला नेलं.
भात कापलेली शेतं, सुळग्याचा चढ,
गाडी जाते तिथवर गाडी.
पुढं दरवाज्यापर्यंत थोड्या पायऱ्या.
हात देऊ का म्हटलं तर हात झटकला.
बाळाप्पा माझ्याशी मराठीत भांडतात,
हेल्परांना दोन्ही भाषांत शिव्या देतात,
पण पाय उचलताना: ओंदु. एरडु.
साचा ठोकतानाही ते असंच मोजायचे;
पंधरा वर्षं ऐकलं, कधी विचारलं नाही
ही आईची मोजणी की पहिल्या मुकादमाची.
ओंदु. एरडु.
परत ओंदु.

दरवाज्यात थांबले. धाप लागलेली.
"मोजलास?"
"नाही."
"बरं केलास."
मग वाकून चिमूटभर माती उचलली,
दाबली, मोडली, कड बघितली.
"ओतायची न्हवं ही," म्हणाले,
आणि चपलेत शिरलेला खडा काढायला
माझ्या खांद्यावर हात ठेवला.